चक्कीवरचं आईचं कुलूप

सन एकोणीसशे ऐंशी. मी एकोणीस वर्षांचा होतो. शाळा चौथीत सुटली होती, मिसरूड अर्धवट फुटलं होतं, पण शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत माझ्यासारखा हाताचा साफ फिटर दुसरा नाही असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर आजही वाटतं. माझं अक्षर वाईट आहे, वेलांट्या चुकतात, त्या नात सुधारून घेते. मजकुरात मात्र तिला हात घालू देत नाही. ही नात एका मोठ्या कारखान्यात इंजिनियर आहे. परवा तिनं पिशवीतून एक लाल कुलूप काढून मला दाखवलं. त्यावर तिचं नाव आणि फोटो. म्हणाली, "आजोबा, मशीनवर कुणी काम करत असलं की त्याच्या मेन स्विचला आम्ही हे लावतो. ज्याचं त्याचं वेगळं असतं." मी ते हातात घेऊन बघितलं आणि परत दिलं. तिला म्हटलं, तुझ्या पणजीचं पितळेचं होतं. ती हसली. तिला वाटलं म्हातारा काहीतरी बडबडतोय. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं घर उसाच्या फडाला लागून होतं. दोन खोल्या, पुढं सोपा, सोप्याच्या एका अंगाला म्हैस. माझ्या आईचं माहेर हुपरीचं. पैंजणाच्या कड्या जोडायचं काम ती माहेराहून शिकून आली होती आणि लग्नानंतरही तिनं ते सोडलं नाही. हुपरीचे शेठ चांदीची तार पाठवून द्यायचे, आई कड्या करून, जोडून, डाग देऊन म्हणजे ज्योतीवर झाळून परत पाठवायची. मला जाग यायची ती तिच्या चिमट्याच्या टिक टिक आवाजानं. चुलीवर आमटी रटरटत असायची, भाकरी थापायचा आवाज थांबला की चिमट्याचा सुरू व्हायचा, आणि मधूनच ती फुंकणी तोंडाला लावून दिव्याच्या ज्योतीचा निळा काटा करून कडीवर धरायची. तेवढ्या वेळात घरात कुणी बोलायचं नाही. म्हैससुद्धा गप्प असायची असं मला आठवतं, पण ते माझंच काहीतरी असेल.

चांदी दुसऱ्याची. त्यामुळे ती पत्र्याच्या डब्यात राहायची आणि डब्याला हाताच्या अंगठ्याएवढं पितळेचं कुलूप. किल्ली एकच, ती आईच्या कमरेला. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांनाही ती किल्ली कधी मिळाली नाही. एकदा आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती आणि शेठचा माणूस माल न्यायला आला. आबा त्याला म्हणाले, "बसा पावणं. कुलूप जिनं लावलंय ती आल्याबिगर डबा उघडत न्हाई." तो माणूस तासभर म्हशीकडं बघत बसला. घराचा नियमच तसा होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

आबा फौंड्रीत वाळूच्या चक्कीवर होते. साच्याला लागणारी वाळू त्या चक्कीत मळून निघायची. छातीएवढ्या उंचीचा गोल लोखंडी हौद, आत जात्यासारखी दोन अवजड चाकं आणि तळाला वाळू उलथणारे फाळ. बटण दाबलं की सगळं गरगरा फिरायचं. हौदाला वाळूचा थर धरायचा, तो आत उतरून, उकिडवं बसून छिन्नीनं खरवडावा लागायचा. बाहेरून बघणाऱ्याला आत माणूस आहे हे दिसायचं नाही. आणि भट्टीच्या ब्लोअरशेजारी वीस वर्षं काढून आबांचे कान गेले होते. त्यांना हाक मारायची तर खांद्याला हात लावूनच.

त्या वर्षी चक्कीला नवा मेन स्विच आला. करड्या रंगाची लोखंडी पेटी, बाजूला हॅन्डल. वर केलं की चालू, खाली केलं की बंद. हॅन्डल खाली केलं की त्याचं भोक आणि पेटीच्या कानाचं भोक समोरासमोर यायचं. हे भोक कशाला, कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी त्यात तार घालून जेवणाची पिशवी अडकवायचा, दसऱ्याला आम्ही त्यातनं झेंडूची माळ ओवली. पेटीच्या दाराला आतून बोटभर लोखंडी जीभ होती. हॅन्डल वर असो नाहीतर त्या भोकातनं काही घालून खाली अडकवलेलं असो, ती जीभ खाचेत बसायची आणि दार उघडू द्यायची नाही. त्या जिभेवर वाळू बसायची. मग बंद स्विचचंही दार हलायचं नाही आणि फ्यूज बदलायला अर्धा अर्धा तास जायचा. सुपरवायझर मोहिते साहेब डोक्यावर उभे राहून ओरडायचे.

एका दुपारी असंच दार अडकलं. साच्यावरची माणसं हात बांधून उभी. मी अख्ख्या शेडचा वरचा मेन बंद करायला लावला, पहारीनं दार फोडून उघडलं, हॅकसॉ लावून ती जीभ मुळापासून कापली आणि खुंट कानशीनं घासून गुळगुळीत केला. पुन्हा दार कधी अडकलं नाही. मोहिते साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "डोकं हाय लेका तुला!" असं सगळ्यांच्या देखत म्हणाले आणि गेटाबाहेरनं माझ्यासाठी मिसळ मागवली. वर तर्री, लिंबू, दोन पाव जास्तीचे. माझ्यापेक्षा वीस-वीस वर्षांनी मोठी माणसं बघत होती आणि मी खात होतो. त्या मिसळीची चव मी विसरलो असतो तर बरं झालं असतं.

मग दिवाळीनंतर अण्णा मिस्त्री आला. जैन माणूस, सीमेकडच्या गावचा. कांदा-बटाटा खायचा नाही, सूर्य मावळायच्या आत डबा संपवायचा, आणि मला ‘तम्मा’ म्हणायचा, म्हणजे त्यांच्या कानडीत धाकटा भाऊ. पहिल्याच दिवशी त्यानं स्विचला लटकलेली पिशवी काढून खाली ठेवली आणि म्हणाला, "हे कुलपाचं भोक हाय की."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "कशाला? वीज चोरून न्हेतंय काय कोण?"

"आत माणूस असताना भाईरनं कुणी चालू करू ने म्हणून," अण्णा म्हणाला. "आत जाणाऱ्यानं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्या अंगावर ठेवायची. आणि बंद हाय म्हणून कुणी सांगितलं तर ऐकायचं न्हाई. बटणाला इचारायचं." मग त्यानं हॅन्डल पाडलं, चक्कीचं हिरवं बटण दाबलं, चक्की हलली नाही, तेव्हा कुठं तो हौदात उतरला.

मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा आवडलं. स्टोअरवाला कुलूप देईना, कुठल्या खात्यावर टाकू म्हणाला. मी घरी येऊन आईला मागितलं. आईनं कड्या जोडता जोडता सगळं ऐकून घेतलं. मग डब्यातली चांदी फडक्यात बांधून पिठाच्या डब्यात तळाला घातली आणि कुलूप माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, "तुझा बा उतरतो त्या हौदाला लावतोस म्हणून देते. किल्ली एकच हाय, ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी मी ते कुलूप पहिल्यांदा लावलं तेव्हा कापलेल्या जिभेची मला आठवण झाली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. झाली. दार उघडून आतनं काहीही करता येईल हे मला ठाऊक होतं. पण ते बोलायचं तर ज्या कामाची मिसळ खाल्ली ते काम चुकलं म्हणावं लागलं असतं. मी मनाला सांगितलं, कुलूप बघून दार कोण उघडतंय?

पंधरा दिवस बरे गेले. मग तो दिवस आला. भट्टी पेटली होती, दुपारी वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा होता आणि साचे कमी पडत होते. त्यात चक्कीचा एक फाळ सैल झाला. हॅन्डल पाडलं, कुलूप लावलं, अण्णानं हिरवं बटण दाबून बघितलं, आणि तो आणि आबा आत उतरले. आत जाण्याआधी मी किल्ली आबांपुढं धरली होती. आबा म्हणाले, "वाळूत पडंल. ठेव तुझ्याकडंच." अण्णानं माझ्याकडं बघितलं आणि हौदाच्या काठावर पाय टाकला. मी किल्ली खिशात टाकली. मला तेच पाहिजे होतं.

फाळ बसवून अण्णा बाहेर आला आणि नट आवळायचे पाने घेऊन मागच्या लेथकडं गेला. आबा म्हणाले, उतरलोच हाय तर थर काढून घेतो. छिन्नी चालू झाली. मी गेटाबाहेर चहाला गेलो.

चहाच्या गाड्यावर मी किल्ली बोटाभोवती फिरवत उभा राहिलो. गाडीवाला म्हणाला, "काय बाळू, तिजोरी घेतलीस व्हय?"

"चक्कीची हाय. माझ्या हुकमाबिगर हलत न्हाई ती."

"आणि मोहिते सायबाचा हुकूम?"

"त्याचाबी चालत न्हाई," मी म्हणालो. सगळे हसले. मी चहा बशीत ओतून, फुंकून फुंकून सावकाश प्यायलो. गुऱ्हाळाचा वास सुटला होता. मला सगळं आठवतंय. दुसरा अर्धा कप घेतला तेही.

आत आलो. चक्की गेटापासून पन्नास-साठ पावलांवर, मध्ये साच्यांच्या रांगा. स्विचच्या पेटीवर, भिंतीला, एक छोटा लाल दिवा होता. चक्कीला वीज आली की तो लागायचा. मी लांबूनच बघितलं. हॅन्डल खाली. आईचं कुलूप त्याच्या भोकात लटकलेलं. आणि दिवा लागलेला.

क्षणभर मला कळलंच नाही मी काय बघतोय. कुलूप जागेवर आहे आणि वीज आली आहे. मग पेटीचं दार दिसलं, उघडं. खाली हॅन्डल आतल्या दांड्याला जोडणारी खीळ आणि पक्कड पडलेली. खीळ उपसून, आतला दांडा काठीनं ढकलून कुणीतरी स्विच चालू केला होता. ज्या दारातनं हे केलं ते उघडू नये म्हणून असलेली जीभ माझ्या कानशीखाली गेली होती. आणि मोहिते साहेब काठी टाकून चक्कीच्या बटणांकडं चालले होते.

मी ओरडलो. ब्लोअरच्या आवाजात माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. साच्यांच्या वरनं पळालो, दोन-तीन साचे पायाखाली फुटले, कुणीतरी शिवी घातली. मोहिते साहेब हौदापाशी थांबले, हौदाकडं तोंड करून "कोण हाय काय रं?" असं म्हणाले असावेत, ओठ हललेले दिसले. आबांना ते कुठलं ऐकू जाणार? उत्तर आलं नाही. साहेबांनी अण्णाला पाने घेऊन जाताना बघितलं होतं, त्यांच्या हिशोबानं काम संपलेलं होतं आणि कुलूप एका शिष्ट पोरानं विसरून ठेवलेलं होतं. त्यांनी अंगठा उचलला.

हॅन्डल पाडायला ते वर असायला पाहिजे. ते तर खालीच होतं, माझ्याच कुलपात. मला फक्त एक गोष्ट ठाऊक होती. लाल, म्हणजे बंद करायचं बटण दाबून धरलं असेल तोवर हिरव्याचं काही चालत नाही. मी अंग टाकलं आणि तळवा लाल बटणावर मारला. त्याच वेळी साहेबांचा अंगठा हिरव्यावर बसला.

चक्की हलली नाही. साहेबांना वाटलं बटण अडकलंय, त्यांनी आणखी जोर लावला. मी लाल दाबून धरलेलं. दोघांची डोकी एकमेकाला लागलेली. मी त्यांच्या कानात ओरडलो, "आबा हाय आत! आबा!" त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला, पण अंगठा हिरव्यावरच राहिला. तो काढायचं त्यांना सुचेना आणि माझा हात काढायची माझी छाती होईना. हौदाला टेकलेल्या माझ्या गुडघ्याला आतल्या छिन्नीचे ठोके जाणवत होते, टिक, टिक, टिक, सोप्यावरच्या आईच्या चिमट्यासारखे.

अण्णा कुठनं आला बघितलं नाही. त्यानं काठी उचलली, पेटीतला दांडा खाली ओढला. दिवा विझला. तरी मी हात काढला नाही. अण्णानं माझी बोटं एकेक करून सोडवली.

मोहिते साहेब वाळूच्या ढिगावर बसले. उठले आणि माझ्यावर आले. "कुलूप लावून चहाला जातोस? रस काय तुझ्या बापाची वाट बघतोय?"

"कुलूप दिसत न्हवतं तुम्हास्नी?"

"दिसत होतं की! कुणाचं हाय, कशाला हाय, सांगाय कोण होतं हितं?"

अण्णा मध्ये पडला नाही. तो पेटीच्या दाराशी उभा होता. घासलेल्या खुंटावरनं त्यानं अंगठा फिरवला. मग आमच्याजवळ येऊन विचारलं, "हितली जीभ कुणी काढली?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी साहेबांकडं बघितलं. ते गप्प बसले. मीही गप्प बसलो. तेवढ्यात हौदाच्या काठावर आबांचं डोकं वर आलं. भुवयांवर वाळू, तोंडावर हसू. "झालं बघ चकचकीत. काय रं, सगळे गोळा का झालाय?"

 मोहिते साहेब स्वतः जाऊन आबांसाठी चहा घेऊन आले.

घरी दिवेलागणीला जेवायला बसलो. भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा खर्डा, वाटीत दही. आबा खुशीत होते. आईला सांगत होते, "आज मोहिते सायबानं मला चहा आणून दिला. स्वतःच्या हातानं. खुळा झालाय काय कळंना." आणि मोठ्यानं हसत होते. माझ्या हातातला घास तोंडाकडं जाईना. आईनं आधी माझ्या ताटाकडं बघितलं, मग माझ्या सदऱ्याच्या खिशाकडं. किल्लीचा आकार त्यातनं दिसत होता.

"किल्ली तुझ्याकडं असती व्हय?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आणि आत कोण असतंय?"

मी आबांकडं बघितलं. ते बोटानं दही चाटत होते. आमचं बोलणं त्यांच्या कानावर जात नव्हतं.

आईनं आबांना आणखी एक भाकरी वाढली. मग म्हणाली, "माझ्या डब्याची किल्ली शेजारणीच्या कमरेला बांधून मी हळदीकुंकवाला गेले असते व्हय रं?"

तिला जिभेचं काही ठाऊक नव्हतं, काठीचं ठाऊक नव्हतं. तिनं नुसती किल्ली बघितली होती. तिनं हात पुढं केला, मी किल्ली दिली. तिनं कोनाड्यातनं काळा दोरा काढला, त्यात ती ओवली, गाठ मारली, गाठ दातानं ओढून बघितली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. नंतर काही बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

चुकलो असं मी आयुष्यात फारसं म्हटलेलं नाही. बायकोला विचारा, पोरांना विचारा. पुढं मी मुकादम झालो, तिथं ते चालून गेलं, घरात कधी कधी महागात पडलं. पण एकदा म्हटलंय, आणि कधी ते सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भोंग्याच्या आधी तासभर फौंड्रीत गेलो. वॉचमनला घेऊन वरचा मेन पाडला, पेटीचं दार उतरवून बाहेर आणलं. जाड पट्टीतनं जीभ कापली, जुनीच्या जागी वेल्डिंगनं बसवली, घासून खाचेत नीट बसेल अशी केली. खीळ परत घातली. दार लावून हॅन्डल वर केलं आणि दोन्ही हातांनी दार ओढलं. उघडलं नाही. हॅन्डल पाडलं, कुलूप लावलं, पाय पेटीला लावून ओढलं. उघडलं नाही. तोवर भोंगा झाला. माणसं आली. अण्णा आला, मोहिते साहेब आले, आबा डबा खुंटीला अडकवून चक्कीपाशी आले. मी त्यांच्या पुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "दाराची जीभ मी कापली होती."

आबांनी कानाला हात लावला. "आं? मोठ्यानं बोल की."

मग मला ते ओरडून सांगावं लागलं. "दाराची जीभ मी कापलेली! काल तुम्ही आत असताना चक्की चालू होणार होती! कुलूप असून! माझ्यामुळं!" ब्लोअर अजून सुरू झालेला नव्हता. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत ऐकू गेलं. मोहिते साहेब खाली बघत होते.

 आबा पेटीपाशी गेले, कुलूप ओढून बघितलं, दार ओढून बघितलं. मी काळ्या दोऱ्यातली किल्ली पुढं केली. या वेळी त्यांनी ती घेतली, सदरा वर केला आणि कमरेच्या करगोट्याला बांधली. छिन्नी उचलली. हौदाच्या काठावर हात ठेवून थांबले आणि म्हणाले, "बटण दाब."

मी हिरवं बटण दाबलं. दाबून धरलं. काहीच झालं नाही. मग आबा आत उतरले.